एकदा मिळालेले तारण गमावता येते का?

ख्रिस्ती धर्मात 'तारण' म्हणजे येशू ख्रिस्ताद्वारे पापातून होणारी सुटका आणि सार्वकालिक जीवन. पण तारण मिळालेला माणूस पुन्हा गंभीर पापात पडला तर? याचे उत्तर पंथानुसार बदलते.

कॅथलिक : तारणाची कृपा गमावता येते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये ठरवले, की गंभीर पापामुळे, विश्वास शिल्लक असला तरी, ही कृपा जाते. इथे गंभीर पाप म्हणजे जाणूनबुजून, स्वेच्छेने केलेला मोठा अपराध. मात्र परतीची वाट बंद होत नाही. पश्चात्ताप आणि धर्मगुरूपुढे कन्फेशन केल्यावर कृपा पुन्हा मिळते.

कॅल्विनपंथी प्रॉटेस्टंट : नेदरलँड्समधील डॉर्टच्या परिषदेनुसार (१६१८-१९) देवाने निवडलेल्यांना तो शेवटपर्यंत सांभाळतो. ते पापात पडू शकतात, पण कायमचे दुरावत नाहीत. जो कायमचा दूर जातो, त्याचा विश्वास मुळातच खरा नव्हता, असे हे लोक मानतात. याचा अर्थ 'आता कसेही वागा' असा नाही; खरा विश्वास आचरणात दिसलाच पाहिजे.

ल्यूथरन आणि मेथॉडिस्ट : हेही प्रॉटेस्टंटच, पण विश्वास सोडल्यास तारण गमावते, असे ते मानतात. म्हणजे हा वाद केवळ कॅथलिक विरुद्ध प्रॉटेस्टंट असा नाही.

दोन्ही बाजू बायबलचाच आधार घेतात. तारण कायम टिकते म्हणणारे योहानाच्या शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायाकडे बोट दाखवतात, तर गमावते म्हणणारे इब्री लोकांस पत्राच्या ६व्या अध्यायाकडे. चुकलेल्या भाविकाने धीर कशात शोधायचा, हे या उत्तरावर ठरते.