बंडी आणि आगगाडी

वऱ्हाडांतील जुन्या वाहनांची गोष्ट निघाली म्हणजे बैलांची बंडी आणि वाफेची आगगाडी यांस परस्परांचे वैरी म्हणून उभें करण्याची चाल पडली आहे. आगगाडी आली आणि बंडी मागें पडली, असें सर्रास म्हटलें जातें. शेगांव-खामगांवच्या मुलुखाचा इतिहास पाहतां हें मत आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

रेल्वेपूर्वीं दूरचा व्यापार मुख्यतः लादणीच्या बैलांच्या पाठीवर चाले. इ. स. १८२५-२६ मध्यें विकाजी व पेस्तनजी या व्यापाऱ्यांनीं वऱ्हाडचा कापूस मुंबईस धाडला, तो ५०० बैलांवर लादून. पक्के रस्ते नव्हते, आणि पावसाळ्यांत काळ्या मातींत चाक रुतून बसे. पुढें १८६७ सालीं जी. आय. पी. रेल्वे नागपुरास पोंचली. शेगांव हें त्याच मार्गावरील स्टेशन. १८७० सालीं शेजारच्या जलंबपासून खामगांवच्या कापूसपेठेपर्यंत सुमारें ८ मैलांचा फांटा निघाला व त्याच्या उद्घाटनास खुद्द गव्हर्नर-जनरल लॉर्ड मेयो आला.

या घडामोडींत लोपला तो लादणीचा बैल. बंडीस उलट नवें काम मिळालें. रूळ कांहीं शेताच्या बांधापर्यंत येत नाहींत. वेचलेला कापूस पेठेंत व जिनांत नेण्यास, आणि तेथून गांठी स्टेशनावर पोंचविण्यास बंडीवांचून गत्यंतर नव्हतें. आगगाडीची भूक वाढली तसतशी बंडीची गरजही वाढली.

मग दोहोंत खरा भेद कोणता? बंडी गांवची. बाभळीचें लांकूड शिवारांतलें, चाक गांवच्या सुताराचें, त्यावर तापवून चढविलेली धाव गांवच्या लोहाराची. मोडली तर तेथेंच दुरुस्त होई. एंजिन विलायतेंत घडलेलें, आणि त्याची मालक कंपनीही १८४९ सालीं लंडनमध्यें स्थापन झालेली. बंडीवाला आपल्या सोयीनें निघे. आगगाडीपुढें त्यास दुसऱ्याच्या वेळेनें चालणें प्राप्त झालें. अमेरिकेंतील १८६१-६५ च्या यादवी युद्धानें कापसाचे भाव चढले व युद्ध संपतांच उतरले. लिव्हरपूलच्या बाजाराचा धक्का खामगांवास बसूं लागला होता. रुळांनीं तें नातें कायमचें घट्ट केलें.

तथापि एकाच बाजूनें निकाल देणें न्याय्य नव्हे. १८९९-१९०० च्या दुष्काळांत चाऱ्यावांचून बैल मेले व बंड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या, तेव्हां परप्रांतांचें धान्य या रुळांवरूनच आलें. कापूस नेणारी गाडी अन्नही आणते, हें विसरतां येत नाहीं.

आज वाफेचें एंजिन गेलें. बंडीचें बरेंचसें काम ट्रॅक्टरनें घेतलें आहे. परंतु कापूस भरून पेठेकडे निघालेल्या शेतकऱ्यास मिळणारा भाव अद्याप दूरच्या बाजारांच्या चढउतारावर अवलंबून आहे. म्हणून या दोन वाहनांची तुलना करतांना वेगाचा हिशेब करून थांबणें आम्हांस अपुरें वाटतें. माल नेण्याचें साधन आणि मालाचें मोल ठरविण्याची सत्ता कोणाच्या हातीं होती, हें आधीं पाहिलें पाहिजे.