अंबडच्या वर्गातील अमेरिका

मत्स्योदरी देवीच्या टेकडीखाली वसलेल्या मराठवाड्यातील अंबड गावात अहिल्याबाई होळकरांचे नाव लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु त्याच मुलापुढे अमेरिकेचा इतिहास मांडताना आपण बोस्टनच्या बंदरात 1773 साली बुडविलेल्या चहापासून आरंभ करतो, आणि तो सारा वृत्तान्त त्याला सातासमुद्रापलीकडचा, परीक्षेच्या सनावळीपुरता वाटतो. या विषयाची वाट आपल्याच दफ्तरांतून आणि ग्रंथांतून जाते, अशी माझी दृढ श्रद्धा आहे.

1948 च्या सप्टेंबरपर्यंत अंबड हा निजामाच्या मुलखातील तालुका होता. कचेरीत उर्दू, माध्यमिक शाळेत उर्दू, आणि 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही उर्दूच, अशी स्थिती असल्यामुळे घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला जगाचा इतिहास उर्दूतूनच शिकावा लागे. त्यातच ‘गश्ती निशाण 53’ या सरकारी परिपत्रकाचा अंमल होता; सरकारची परवानगी अगोदर घेतल्यावाचून सभा भरविण्याची मुभा नव्हती. अमेरिकेच्या घटनेतील पहिल्या दुरुस्तीने 1791 सालीच शांततेने एकत्र जमण्याचा हक्क मान्य केला होता. ही गश्ती आणि ती दुरुस्ती शेजारी शेजारी ठेवून वर्गात वाचली, तर नागरिकाच्या हक्काची वेगळी व्याख्या सांगावी लागत नाही.

याहूनही जवळचा आधार म्हणजे जोतीराव फुल्यांचा 1873 सालचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ. अमेरिकेत तेराव्या दुरुस्तीने दास्य कायद्याने नष्ट झाल्याला अवघी आठ वर्षे लोटली असताना, त्या कार्यासाठी झटलेल्या तेथील सत्पुरुषांना पुण्याच्या या माळ्याने आपला ग्रंथ अर्पण केला आणि आपले देशबांधवही शूद्रांच्या मुक्तीसाठी तोच कित्ता गिरवतील, अशी उत्कट आशा व्यक्त केली. ज्या टॉमस पेनच्या लेखणीने 1776 साली अमेरिकन वसाहती पेटविल्या, त्याचाच मानवी हक्कांवरील ग्रंथ जोतीरावांनी तरुणपणी वाचला होता. ही अर्पणपत्रिका मी जेव्हा जेव्हा उघडतो, तेव्हा तेव्हा मन भरून येते. पंडिता रमाबाईंनीही अमेरिका प्रत्यक्ष पाहून 1889 साली तेथील लोकस्थितीवर मराठीत ग्रंथ लिहिला. तोही विद्यार्थ्यांच्या हाती पडावयास हवा.

पुढे 1913 साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या डॉ. आंबेडकरांनी 1950 साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेव्हा अंबड त्याच जिल्ह्यात होते. मिलिंद या नावाने पुढे प्रसिद्धीस आलेल्या त्या महाविद्यालयाचे प्राचार्य म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे मराठी लेखकांचे लक्ष वेधले; जनार्दन वाघमारे यांनी तर त्या समाजाच्या साहित्य-संस्कृतीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिच्या नावातही अमेरिकेतील ब्लॅक पँथरचा पडसाद होता.

त्याच वर्षी मराठवाड्यात भीषण दुष्काळ पडला. दुष्काळी कामांवर खडी फोडून आलेल्या हातांनी थापलेल्या, मिलो नावाच्या लाल ज्वारीच्या भाकरीची चव त्या पिढीतील वृद्धांच्या जिभेवर अजून आहे. ते धान्य अमेरिकेतून आले होते. माझ्या हाती वर्ग असता, तर पहिल्या तासाला मी पुस्तक मिटून मुलांना एवढेच सांगितले असते, की आज घरी जाऊन आजीला मिलोविषयी विचारा आणि ती जे सांगेल ते उद्या लिहून आणा.