आपत्कालीन विभागातील इजा-सर्वेक्षण

रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात आलेल्या रुग्णांच्या नोंदींवरून समाजात कोणाला, कुठे आणि कशामुळे इजा होते, तसेच स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करून घेण्याचे प्रयत्न किती होतात, याचा सातत्याने माग घेण्याची सार्वजनिक आरोग्यातील पद्धत. महाराष्ट्रात हा विभाग लोकांच्या तोंडी ‘कॅज्युअल्टी’ म्हणून रुळला आहे. मृत्यूची मोजदाद दाखल्यांवरून आणि शवविच्छेदनाच्या अहवालांवरून होते, पण इजा झालेल्यांपैकी बहुतेक माणसे वाचतात आणि मृत्यूच्या नोंदवहीत ती कधीच येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ७,२७,००० आत्महत्या झाल्या आणि प्रत्येक आत्महत्येमागे वीसहून अधिक प्रयत्न होतात. आधी एकदा केलेला प्रयत्न ही पुढच्या धोक्याची सर्वांत मोठी खूण मानली जाते. ती खूण अंगावर असलेली माणसे जिवंतपणी मोठ्या संख्येने भेटतात ती याच विभागात.

नोंद दोन टप्प्यांत तयार होते. रुग्ण दारात आला की परिचारिका किंवा नोंदणी कारकून त्याची तक्रार एका ओळीत टिपतो: ‘मोटारसायकल घसरली’, ‘जिन्यावरून पडली’. पुढे डॉक्टर तपासून निदान लिहितात आणि रुग्ण घरी किंवा वॉर्डात गेल्यावर त्या निदानाला आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणातील संकेतांक दिला जातो. तक्रारीची ओळ काही मिनिटांत मिळते, मात्र तिच्यात शुद्धलेखनाच्या चुका आणि कारकुनागणिक बदलणारे शब्द असतात. संकेतांक एकसारखा असतो, पण तो यायला दिवस किंवा आठवडे लागतात. जगातील अनेक सर्वेक्षणे या दोहोंच्या मेळावर उभी आहेत.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाची यंत्रणा या क्षेत्रात सर्वांत जुन्यांपैकी आहे. ती १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. देशभरातून निवडलेल्या सुमारे १०० रुग्णालयांत प्रशिक्षित नोंदणीदार केसपेपर वाचतात आणि वय, निदान, इजा झालेला अवयव, इजेचे ठिकाण व संबंधित वस्तू टिपून शेवटी घटनेचे दोन-तीन ओळींचे वर्णन लिहितात. या नमुन्यावरून साऱ्या देशाचा अंदाज बांधला जातो. सुरुवातीला शिडी, खेळणी, सायकल अशा वस्तूंमुळे झालेल्या इजाच मोजल्या जात. २००० पासून रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्रांच्या सहकार्याने काही रुग्णालयांत हल्ले, वाहन अपघात आणि स्वतःला केलेल्या इजाही नोंदल्या जाऊ लागल्या.

त्या दोन-तीन ओळींवर किती भार पडतो, हे लोहचुंबकाच्या गोळ्यांच्या प्रकरणात दिसले. टेबलावर ठेवून खेळण्यासाठी विकल्या जाणाऱ्या या इवल्याशा पण जोरकस गोळ्या मुले गिळत. दोन गोळ्या आतड्याच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकींकडे ओढल्या जात आणि मध्ये सापडलेल्या आतड्याला भोक पडे. आपत्कालीन विभागांच्या नोंदींवरून आयोगाने अंदाज काढला की २००९ ते २०१३ या काळात अशा सुमारे २,९०० घटनांवर उपचार झाले, आणि २०१४ मध्ये त्याने कडक मानक लागू केले. उत्पादक न्यायालयात गेला. अनेक केसपेपरवर नुसते ‘मॅग्नेट’ लिहिले होते. ते नेमके कोणत्या प्रकारचे, हे नोंदीवरून ठरत नव्हते. धोक्याचे विवेचन अपुरे असल्याचे सांगत संघीय अपील न्यायालयाने २०१६ मध्ये मानक रद्द केले. नवे मानक यायला २०२२ उजाडले. गर्दीच्या रात्री केसपेपरवर लिहायचा राहिलेला एखादा शब्द मुलांच्या संरक्षणाला अनेक वर्षे मागे ढकलू शकतो, याचा हा धडधडीत पुरावा आहे.

त्याच देशातील दुसरी यंत्रणा वेगळ्या भीतीतून जन्मली. २००१ मध्ये टपालातून अँथ्रॅक्सचे जंतू पाठवले गेले. जैविक हल्ल्याची चाहूल निदान होण्याआधीच लागावी, म्हणून २००३ मध्ये ‘बायोसेन्स’ हा कार्यक्रम सुरू झाला. आज देशातील ७० टक्क्यांहून अधिक आपत्कालीन विभाग आपल्या नोंदी या कार्यक्रमाच्या विस्तारित रूपाकडे पाठवतात, बहुतेक चोवीस तासांच्या आत. संगणक तक्रारीच्या ओळी आणि संकेतांक चाळून ठरावीक शब्दांचे मेळ शोधतो. फ्लू आणि उष्माघातासाठी वापरली जाणारी ही चाळणी पुढे अमली पदार्थांच्या अतिसेवनासाठी आणि आत्महत्येच्या संशयित प्रयत्नांसाठीही लावली गेली.

तिचे सर्वाधिक चर्चा झालेले फलित जून २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. फेब्रुवारी-मार्च २०२१ मधील चार आठवड्यांत १२ ते १७ वर्षांच्या मुलींच्या, आत्महत्येच्या संशयित प्रयत्नांमुळे झालेल्या भेटी २०१९ च्या त्याच आठवड्यांपेक्षा सुमारे ५१ टक्क्यांनी जास्त होत्या; त्याच वयाच्या मुलांमध्ये ही वाढ चार टक्क्यांहूनही कमी होती. याचा अर्थ आत्महत्येने झालेले मृत्यू वाढले असा होत नाही, हे त्या अहवालाने स्पष्ट केले होते. मृत्यूची पक्की आकडेवारी हाती यायला लागणारा काळ पाहता, शाळा आणि पालकांना सावध करणारी इतकी ताजी खबर दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळाली नसती.

अशा आकड्यांत छेद कोणता घेतला, हे आधी पाहावे लागते. एप्रिल २०२० च्या सुमारास करोनाच्या धास्तीने अमेरिकेत आपत्कालीन विभागांकडे येणाऱ्यांची एकूण संख्या ४२ टक्क्यांनी घसरली होती. त्या वर्षी १२ ते १७ वयोगटाच्या एकूण भेटींत मानसिक आरोग्याच्या तक्रारींचा वाटा ३१ टक्क्यांनी वाढलेला दिसला, तरी अशा भेटींची प्रत्यक्ष संख्या कमीच झाली होती. केवळ वाटा छापला तर वाचक घाबरतो आणि केवळ संख्या छापली तर तो निर्धास्त होतो. म्हणून दोन्ही आकडे शेजारी-शेजारी देणे हे या कामातील किमान सौजन्य आहे.

आयर्लंडने यंत्रावर भिस्त ठेवली नाही. कॉर्क येथील राष्ट्रीय आत्महत्या संशोधन प्रतिष्ठान स्वतःला केलेल्या इजांची तिथली राष्ट्रीय नोंदवही चालवते आणि २००६ पासून देशातील सर्व आपत्कालीन विभाग तिच्या कक्षेत आले. प्रशिक्षित नोंदणी अधिकारी रुग्णालयांत बसून केसपेपर वाचतात आणि एकाच व्याख्येने निर्णय घेतात. मरण्याचा हेतू होता की नव्हता, यावरून कोणाला गाळले जात नाही. जाणूनबुजून केलेली इजा असली की ती नोंदली जाते. २०१९ मध्ये अशा १२,४६५ भेटी नोंदल्या गेल्या आणि त्या ९,७०५ व्यक्तींच्या होत्या. भेट आणि व्यक्ती यांतील हे अंतर केवळ रुग्ण ओळखून जोडणाऱ्या नोंदवहीतच कळते, आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्यांना पहिल्या वेळी काय मिळाले नाही, हा प्रश्न त्यातूनच पुढे येतो. भेटींचा भर मध्यरात्रीच्या आसपास असतो, हेही नोंदवहीने वर्षानुवर्षे दाखवले आहे. मानसोपचार पथक फक्त दिवसा हजर राहिले, तर सर्वांत गरजेच्या वेळी तिथे कोणीच नसते.

वेल्समधील कार्डिफ शहराने हीच रीत मारामारीच्या जखमांना लावली. चेहऱ्याच्या व जबड्याच्या शस्त्रक्रिया करणारे जोनाथन शेफर्ड यांच्या लक्षात आले की हल्ल्यात जखमी होऊन आलेल्या अनेकांची पोलिसांकडे नोंदच नसते. तेव्हा स्वागतकक्षातील कर्मचारी प्रत्येकाला हल्ला कुठे, केव्हा आणि कशाने झाला ते विचारू लागले. नावे वगळून ही माहिती नियमितपणे पोलीस व नगरपालिकेकडे जाई आणि त्यावरून गस्तीच्या जागा व मद्यालयांवरील अटी ठरत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तुलनेसाठी निवडलेल्या १४ शहरांच्या मानाने कार्डिफमध्ये हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी आढळले. शेफर्ड यांना २००८ चा स्टॉकहोम गुन्हेशास्त्र पुरस्कार विभागून मिळाला.

हेतू ओळखणे हा या पद्धतीचा सर्वांत कच्चा दुवा आहे. अमेरिकेतील संकेतन नियमांनुसार केसपेपरवर हेतू लिहिलेला नसेल तर इजा ‘अपघाती’ धरली जाते, त्यामुळे लिहिणाऱ्याचे मौन आपोआप अपघातांच्या रकान्यात जमा होते. १ ऑक्टोबर २०१५ रोजी तिथे रोगवर्गीकरणाची आवृत्ती बदलली. त्या तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे सरळ जोडणे धोक्याचे ठरते. आणि जे रुग्णालयात येतच नाहीत, ते कोणत्याही आवृत्तीत नाहीत.

भारतात हा दुवा आणखी कच्चा राहिला आणि त्याला कायदा कारणीभूत होता. दंडसंहितेचे कलम ३०९ आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा मानत असे. कॅज्युअल्टीत असा रुग्ण आला की ‘एमएलसी’, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून नोंद, करून पोलिसांना कळवले जाई. साहजिकच नातेवाईक ‘चुकून औषध पोटात गेले’ असे सांगत. २०१८ मध्ये अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेतून सोडवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत कलम ३०९ उरले नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र अजून गुन्हा आहे. कायदा बदलला तरी केसपेपरपुढची भीती लगेच जात नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदवल्या. त्यांपैकी २२,७४६, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक, महाराष्ट्रातील होत्या. हे पोलिसांकडून आलेले मृत्यूंचे आकडे आहेत. वाचलेल्यांची देशव्यापी आरोग्यनोंद त्यांच्या जोडीला नाही.

कॅज्युअल्टीच्या नोंदींतून काय उलगडू शकते, हे मुंबईने मात्र पूर्वीच पाहिले आहे. १९९०च्या दशकात एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयातील स्त्रियांचे केसपेपर अभ्यासकांनी तपासले, तेव्हा पुष्कळ इजांमागे घरातील मारहाणीच्या खुणा दिसल्या. वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून सुरू केलेले ‘दिलासा’ केंद्र याच जाणिवेवर उभे आहे: जखम शिवतानाच तिचे कारण विचारायचे आणि बाईला तिथल्या तिथे आधार द्यायचा.

विचारण्याचा उपयोग किती, याचे उत्तर जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच देशांतील अभ्यासात आहे. त्यात चेन्नईचा समावेश होता. प्रयत्नानंतर आपत्कालीन विभागात आलेल्या १,८६७ जणांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी त्याशिवाय सुमारे तासभर संवाद साधला गेला आणि पुढे दीड वर्षात फोनवरून किंवा घरी जाऊन नऊ वेळा विचारपूस झाली. दीड वर्षानंतर पहिल्या गटात आत्महत्येने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण २.२ टक्के होते, दुसऱ्यात ०.२ टक्के. २००८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या भारताच्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणाने तीन वर्षांत परिणामकारक सर्वेक्षण उभारण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि त्याच्या आदल्याच महिन्यात १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही मोफत समुपदेशन सेवा सुरू झाली. केसपेपरवरील नोंद आणि त्यानंतरचा फोन यांची सांगड घालण्यासाठी लागणारे उद्दिष्ट आणि सेवा दोन्ही त्यामुळे आता देशात आहेत. राहिले आहे ते जिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत हे काम नेमून दिलेला माणूस बसवणे, आणि त्याची वही पोलीस ठाण्याच्या वहीपासून वेगळी ठेवणे.