‘ळ’ आत की बाहेर?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. परंतु छिंदवाडा जिल्ह्यातील पांढुर्णा आणि सौंसर हे मराठी वस्तीचे तालुके मध्य प्रदेशातच राहिले. २०२३ साली या दोहोंचा पांढुर्णा जिल्हा निराळा झाला. तेथे अनेक घरांत मराठी, कचेरीत हिंदी आणि दोहींची लिपी एकच, देवनागरी. भेद उठून दिसतो तो एका अक्षरात: हिंदीच्या पारंपरिक वर्णमालेत ‘ळ’ नाही.

संगणकाच्या युगात हा भेद केवळ उच्चाराचा राहिलेला नाही. अर्जातील नाव स्वीकारण्यापूर्वी त्यातील प्रत्येक अक्षर ठरावीक संचात आहे की नाही, हे आज्ञावलीकडून तपासता येते. तो संच पारंपरिक हिंदी वर्णमालेवरून बांधला, तर ‘काळे’ हे आडनाव उंबरठ्यावरच अडेल.

१९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोड संकेतप्रणालीने देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक राखले. त्यांत ‘ल’ २३५४ वा, तर ‘ळ’ शेजारीच २३५५ वा. क्रमांक या मर्यादेत आहे एवढेच पाहिले, तर ‘ळ’ सुखरूप आत येतो. मात्र त्याच दाराने दंड आणि अंकही शिरतात. म्हणून नावापुरती अक्षरे व स्वरचिन्हे निवडूनच संच बांधावा लागतो.

यंत्र ‘आत’ की ‘बाहेर’ एवढेच सांगते. कुंपण कोठे घालावयाचे, हे माणूसच ठरवितो. ते घालताना राजभाषेची वर्णमाला नव्हे, तर रहिवाशांची नावे समोर ठेवावयास हवीत.