पायाखालचा इतिहास

जयविलास महालाच्या दरबार हॉलमध्ये पाहुणा आधी वर पाहतो. साडेतीन टनांची झुंबरे छताला पेलतील का, म्हणून आधी छतावर हत्ती चढवले ही कथा आम्हा ग्वाल्हेरकरांना पाठ आहे. खाली क्वचितच कोणी पाहतो. १८७४ साली जयाजीराव शिंद्यांनी बांधलेल्या या महालातला तो भला मोठा गालिचा तुरुंगातल्या कैद्यांनी बारा वर्षे विणला, असे सांगतात.

बारा वर्षे कशाला? आपल्या घरची जाजम म्हणजे जाड, बहुधा छापील कापड. सतरंजीत उभा ताणा नि आडवा बाणा, बस्स. दोन्ही बाजू सारख्या. गालिच्याला वर लव असते. ताण्याच्या दोन-दोन धाग्यांवर लोकरीची एकेक गाठ हाताने मारायची, कापायची, ओळ संपली की बाणा घालून पंजाने ठोकायची. तुर्की गाठ दोन्ही धाग्यांना वेढते. फारसी गाठ एकालाच वेढून दुसऱ्यामागून निघते. नाजूक वेलबुट्टीला ती सोयीची. चौरस इंचात १०० गाठी धरल्या, तरी चौरस फुटाला १४,४०० होतात!

लाहोर, आग्रा, येरवडा येथील तुरुंगांतही तेव्हा गालिचे विणले जात. आग्र्याच्या कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीसाठी विणलेला गालिचा विंडसरला आहे. इतके संथ काम तुरुंगाला परवडले, कारण कैद्याच्या वेळेला मोल नव्हते, असे आमचे मत.

२०२३ मध्ये ग्वाल्हेरच्या हातविणीच्या गालिच्याला भौगोलिक मानांकन मिळाले. विकत घेताना आधी उलटून पाहावा: हातच्या गाठी पाठीवर मोजता येतात. मागे कापड चिकटवलेले असेल, तर दुकानदाराला दोन प्रश्न जरूर विचारावेत.