तळटीप १४ : ‘गांधींचे वीस पैसे’

लेखकाने सेवाग्रामच्या संदर्भात उल्लेखिलेले हे पिवळे नाणे 1969 सालचे, गांधीजींच्या जन्मशताब्दीचे. नाण्यावर ‘1869-1948’ एवढेच आकडे आहेत, ते जन्म-मृत्यूचे. नाणे पाडल्याचे साल वेगळे दिलेले नाही, त्यामुळे कित्येक घरांत ते 1948 चे समजून जपले जाते. याच मालिकेत पन्नास पैसे, एक रुपया आणि पंधरा ग्रॅम वजनाचे, ऐंशी टक्के चांदीचे दहा रुपयांचे नाणेही निघाले.

दिवंगत नेत्याचा मुखवटा नाण्यावर आणण्याची प्रथा स्वतंत्र भारतात 1964 मध्ये पं. नेहरूंच्या निधनानंतर सुरू झाली. पुढे ती समान न्यायाने चालली नाही. इंदिरा गांधींचे नाणे त्यांच्या हत्येनंतर 1985 मध्ये आले, राजीव गांधींचे तर हत्येच्याच वर्षी, 1991 मध्ये. लालबहादूर शास्त्री मात्र 1966 मध्ये गेले आणि त्यांच्या नाण्याला 2004 ची जन्मशताब्दी उजाडावी लागली. हा विलंब समर्थनीय नाही. मालिका चालवायची तर निकष जाहीर असावा.

1936 पासून सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहिलेल्या गांधीजींच्या शताब्दीचे हे नाणे वर्धा जिल्ह्यातल्या जुन्या घरांत अजून सापडेल. वाचकांना विनंती : ते चिंच-राखेने घासू नका. उठावदार चेहरा आणि आकडे झिजतात.

— संपादक