बीटलचा गिअर कोठे अडतो?

जुन्या फोक्सवॅगन बीटलचा गिअर पडेनासा झाला की पहिला संशय गिअरबॉक्सवर जातो. मग इंजिन उतरवले जाते, गिअरबॉक्स उघडली जाते, पैसा आणि दिवस खर्ची पडतात. आणि दोष पुष्कळदा निघतो तो मागच्या आसनाखालच्या एका झिजलेल्या जोडात. असे का होते, हे समजण्यासाठी १९३० च्या दशकातील एका निर्णयापर्यंत मागे जावे लागते.

फर्डिनांड पोर्शे यांनी नाझी राजवटीसाठी आखलेल्या या ‘जनतेच्या गाडी’त इंजिन मागे होते. तिची किंमत ९९० राइशमार्क ठरली आणि आठवड्याला ५ मार्कांची तिकिटे चिकटवून सुमारे ३ लाख ३६ हजार जर्मनांनी तिच्यासाठी बचत केली. युद्ध सुरू झाले, कारखाना लष्करी वाहनांकडे वळला आणि त्या बचतदारांपैकी एकालाही गाडी मिळाली नाही. सामान्य माणसाच्या हाती बीटल आली ती युद्धानंतर, ब्रिटिश मेजर आयव्हन हर्स्ट यांच्या देखरेखीखाली कारखाना पुन्हा उभा राहिल्यावर.

इंजिन मागे गेल्याने मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा वाचला; पण चालकाचा हात आणि गिअरबॉक्स यांच्यात मोठे अंतर पडले. ते भरून काढले एका लांब सळईने. गाडीच्या मधोमध जाणाऱ्या पोकळ कण्यातून ती गिअरच्या दांड्यापासून मागे जाते. क्लचची तार, अ‍ॅक्सिलरेटरची तार, पेट्रोलची नळी हे सारे त्याच बोगद्यातले शेजारी. पुढे सळईला एका बुशचा आधार असतो आणि मागे एक कपलिंग तिला गिअरबॉक्सशी जोडते.

दुखणी बहुधा या दोन टोकांना असतात. बुश झिजला की सळई खडखडते आणि दांडा सैल लोंबतो. कपलिंगचा मऊ भाग विरला, किंवा त्यातला स्क्रू ढिला झाला, की दुसरा गिअर किंवा रिव्हर्स शोधावा लागतो. हा स्क्रू सुटू नये म्हणून त्याला तारेने बांधतात. दुरुस्तीनंतर ती तार पुन्हा बांधायची राहून गेली, तर काही दिवसांनी दांडा हातात फिरत राहतो आणि गाडी जागची हलत नाही! मागचे आसन उचलून बोगद्यावरचे छोटे झाकण काढले की हा जोड डोळ्यांसमोर येतो. तो बदलायला इंजिनाला हातही लावावा लागत नाही.

दांड्याच्या तळाशी असलेली थांबपट्टी जागेवरून सरकली किंवा उलटी बसली, तरी गिअर नीट पडत नाहीत. दुसऱ्या गिअरमध्ये दांडा बाजूला न कलता सरळ उभा राहिला पाहिजे, ही तिची जुनी खूण.

गिअर टाकताना कर्र्कर्र आवाज येत असेल, आणि तोही विशेषतः रिव्हर्समध्ये, तर आधी क्लच तपासावा. पेडल दाबूनही क्लच पूर्ण सुटत नसेल, तर बिचाऱ्या गिअरबॉक्सचा त्यात काय दोष?

सर्वच आवाज मात्र बिघाडाचे नव्हते. आरंभीच्या बीटलमध्ये सिंक्रोमेश नव्हता. खालच्या गिअरला येताना क्लच दोनदा दाबून मध्ये इंजिनाचा वेग वाढवण्याचे कसब चालकाच्या पायात असावे लागे. ऑक्टोबर १९५२ मध्ये एक्सपोर्ट मॉडेलच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरला सिंक्रोमेश मिळाला. पहिल्या गिअरला ऑगस्ट १९६० मध्ये. स्वस्त स्टँडर्ड मॉडेलच्या वाट्याला त्यानंतरही काही वर्षे जुनीच गिअरबॉक्स होती. ‘जनतेच्या गाडी’तसुद्धा वर्ग होते ते असे, आणि हात-पायांना जाणवणारे. त्यामुळे जुनी गाडी दुरुस्त करताना तिचे वर्ष व मॉडेल आधी पाहावे लागते. नाहीतर तिच्या जन्मजात स्वभावालाच रोग समजून औषध सुरू होते.

हे ज्ञान अधिकृत कार्यशाळांच्या भिंतींबाहेर नेण्यात जॉन म्यूर या अमेरिकी अभियंत्याचा वाटा मोठा. १९६९ मध्ये त्याने फोक्सवॅगन जिवंत ठेवण्याविषयीचे पुस्तक काढले. उपशीर्षकातच ते ‘अगदी अडाण्यां’साठी असल्याचे सांगितले होते आणि त्यातली चित्रे पीटर अ‍ॅशवँडनची होती. पाना कधीही हाती न धरलेल्या तरुणांनी ते शेजारी उघडे ठेवून आपापल्या गाड्या खोलल्या.

१७ फेब्रुवारी १९७२ रोजी बीटलने उत्पादनसंख्येत फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला मागे टाकले. शेवटची बीटल ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतील पुएब्ला येथे तयार झाली. इंजिन तिचेही मागेच होते, आणि बोगद्यातून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी सळईही तशीच.